कारखान्यातील वार्षिक आरोग्य तपासणी : शिबिराच्या आधी काय करावे आणि नंतर काय

बहुतेक लहान आणि मध्यम कारखान्यांत वार्षिक आरोग्य तपासणी उलट्या क्रमाने होते. आधी लॅबचे कोटेशन येते, मग तारीख ठरते, मग हजेरीपटावरून नावांची यादी जाते; कोणत्या कामगाराला कशाची तपासणी हवी हा प्रश्न या सगळ्यात कोणी विचारलेलाच नसतो. शिबिर पार पडते, रिपोर्टचा गठ्ठा एचआरच्या कपाटात जातो आणि पुढच्या ऑडिटला फाइल दाखवण्यापुरता बाहेर येतो. ज्याचा रक्तदाब धोकादायक निघाला होता तो कामगार मधल्या काळात रात्रपाळीच करत राहतो.

हा लेख साधारण ५० ते ५०० कामगारांच्या, पूर्णवेळ वैद्यकीय विभाग नसलेल्या कारखान्यांतील एचआर, सेफ्टी ऑफिसर आणि मालकांसाठी आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नये, कारण बहुतेक चुका टप्पा गाळल्याने होत नाहीत, पुढचा टप्पा आधी केल्याने होतात.

कायद्याबद्दल आवश्यक तेवढेच. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४१-सी नुसार धोकादायक प्रक्रियेतील कामगाराची तपासणी त्याला त्या कामावर लावण्यापूर्वी आणि नंतर जास्तीत जास्त १२ महिन्यांच्या अंतराने करणे बंधनकारक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० लागू झाली असून, ठरवून दिलेल्या वयाच्या व वर्गाच्या कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी मालकाने विनामूल्य करून द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे. आपल्या प्रक्रियेला कोणता नियम लागू होतो, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या जवळच्या कार्यालयातून लेखी घ्यावे. लॅबच्या प्रतिनिधीच्या तोंडी माहितीवर विसंबू नये.

टप्पा १ : विभागवार धोक्यांची यादी

तारखेच्या किमान सहा आठवडे आधी हे काम सुरू करावे. प्रत्येक विभागात प्रत्यक्ष फिरून तेथे धूळ, आवाज, रसायन, उष्णता, ओझे आणि वाहन किंवा क्रेन चालवणे यांपैकी काय आहे ते लिहावे, आणि त्यासमोर तेथे खरोखर काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहावे. हजेरीपटावरील विभाग आणि माणूस प्रत्यक्षात उभा असतो तो विभाग पुष्कळदा वेगळे असतात.

या यादीवरूनच तपासण्या ठरतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावसारख्या औद्योगिक वसाहतींतील फौंड्रीत मोल्डिंग (वाळूचे साचे बनवणे), शेकआउट (साचा फोडून ओतीव भाग बाहेर काढणे) आणि फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणे) येथे वाळूची सिलिकायुक्त धूळ असते. तेथील कामगारांना पीएफटी, म्हणजे फुप्फुसांची फुंकर-चाचणी, आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या अंतराने छातीचा एक्स-रे लागतो. प्रेस शॉप, कॉम्प्रेसर रूम आणि जनरेटरजवळ काम करणाऱ्यांना ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, लागते. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तो विभाग या यादीत धरावा आणि आवाजाची मोजणी करून घ्यावी; आपल्याकडील कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. बॅटरी किंवा शिशाच्या कामात रक्तातील शिशाचे प्रमाण पाहावे लागते, पेंट शॉपमध्ये वापरातील सॉल्व्हंटनुसार लघवीची तपासणी. इचलकरंजीच्या सूतगिरण्यांत कापसाच्या धुळीने सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे मुख्य लक्षण असते, म्हणून तेथे पीएफटी त्याच दिवशी पाळीच्या आधी आणि पाळी संपल्यावर अशी दोनदा करावी. क्रेन व फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांना दूरची दृष्टी आणि रंगओळख, तर मालाची तपासणी करणाऱ्या चाळिशीपुढच्या कामगारांना जवळची दृष्टी तपासून घेणे आवश्यक आहे.

रक्तदाब, वजन, उंची, रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिन मात्र सर्वांचेच पाहावे. यात कार्यालयीन कर्मचारी आणि रात्रीचे सुरक्षारक्षकही आले.

इशारा : कंत्राटी कामगार वगळले जाणे ही या टप्प्यावरील सर्वांत मोठी चूक आहे. फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग, टाकी साफ करणे अशी सर्वांत धुळीची आणि रसायनांची कामे बहुधा त्यांच्याकडेच असतात. ‘त्यांचे ठेकेदार बघेल’ हे उत्तर स्वीकारू नये. खर्च कोणी करायचा ते ठेकेदाराशी नंतर ठरवता येईल, नावे मात्र आजच यादीत आली पाहिजेत.

टप्पा २ : आधी डॉक्टर, मग लॅब

औद्योगिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला, म्हणजे एएफआयएच ही पात्रता असलेला डॉक्टर प्रथम निवडावा आणि त्याला यादी व रसायनांच्या एमएसडीएस, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रके, देऊन शॉप फ्लोअरवरून फिरवून आणावे. ज्याने विभाग पाहिलेला नाही त्याच्या सहीच्या फिटनेस प्रमाणपत्राला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. तपासण्या डॉक्टरने ठरवाव्यात आणि त्यानंतरच लॅबकडून दर मागवावेत.

‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये व्हिटॅमिनच्या पातळ्या आणि कर्करोगाचे मार्कर असतात, पण प्रेस शॉपमधल्या माणसाची ऑडिओमेट्री नसते. पॅकेज नाकारून यादीनुसार दर मागितल्यास खर्च बहुधा वाढत नाही, कारण अनावश्यक चाचण्या गळतात.

पडताळणी : लॅबला एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन आहे का आणि ते आपल्याला हव्या असलेल्या चाचण्यांसाठी आहे का, हे पाहावे. ऑडिओमेट्री ध्वनिरोधक केबिनमध्ये किंवा तशा व्हॅनमध्येच होणार असल्याचे लिहून घ्यावे आणि यंत्राचे गेल्या वर्षभरातील कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मागावे. पीएफटीचे यंत्र तीन लिटरच्या सिरिंजने त्याच दिवशी तपासले जाते का, हेही विचारावे. हा शेवटचा प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला, तर दुसरी लॅब पाहावी.

इशारा : एचआयव्हीची चाचणी पॅकेजमध्ये गुपचूप आलेली असेल तर ती काढून टाकावी. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ नुसार संबंधित व्यक्तीला नीट समजावून घेतलेल्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि नोकरीसाठी ती अट म्हणून घालता येत नाही.

टप्पा ३ : पुढील उपचाराचा खर्च आणि वेळ आधीच ठरवणे

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात, आणि शिबिर वाया जाते ते येथेच. साखर वाढलेली निघाल्यावर त्या कामगाराने कोठे जायचे, कोणत्या वेळी जायचे, त्या दिवसाचा खाडा पडणार का आणि औषधांचे पैसे कोण देणार, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे रक्त काढण्यापूर्वी तयार असली पाहिजेत. ती नसतील तर रिपोर्ट हाती पडल्यावर कामगार हिशेब करतो की डॉक्टरकडे गेलो तर एक दिवसाचा पगार जाईल, आणि तो कागद खिशात ठेवून कामावर येतो. त्याला निष्काळजी म्हणणे सोपे असले तरी चूक व्यवस्थेची आहे.

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात (दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे). अशा प्रत्येकाचा विमा क्रमांक चालू आहे का, कुटुंबीयांची नोंद आहे का आणि त्याला मिळालेला दवाखाना तो आज राहतो त्या भागातला आहे का, हे आधी तपासावे. वाळूज किंवा चाकणमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या माणसाचा दवाखाना नोंदीत अजून गावाकडचा असणे नेहमीचे आहे. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपण-लाभ मिळतो. ही माहिती कामगारांना आधी सांगितल्यास तपासणीची भीती बरीच कमी होते.

ईएसआयच्या मर्यादेपलीकडील कर्मचाऱ्यांसाठी गटविमा आहे का आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार येतात का, ते पाहावे. बहुतेक पॉलिसींत ते येत नाहीत, म्हणून जवळच्या एका रुग्णालयाशी ठरावीक दराचा करार करून ठेवणे बरे.

पडताळणी : फेरतपासणीसाठी निदान दोन वेळा भरपगारी अर्धा दिवस मिळेल, असे परिपत्रक मालकाच्या सहीने निघाले आहे का? निघाले नसेल तर तारीख ठरवू नये.

टप्पा ४ : संमती, गोपनीयता आणि सूचना

कामगाराच्या मनातली खरी शंका एकच असते : यात काही निघाले तर कामावरून काढतील का? तिचे उत्तर सूचनाफलकावर स्पष्ट मराठीत आणि कामगारांच्या भाषेनुसार हिंदीत वा कन्नडमध्ये लावावे. कोणत्या चाचण्या होणार, कशासाठी होणार, रिपोर्ट कोणाला दिसणार आणि कोणाला दिसणार नाही, हे त्यात लिहावे. त्यानंतर प्रत्येकाकडून संमतीपत्र घ्यावे. वाचता न येणाऱ्याला ते वाचून दाखवावे आणि तसे केल्याची नोंद करावी.

रिपोर्टची मांडणी दोन कागदांत ठरवून घ्यावी. सविस्तर रिपोर्ट बंद पाकिटात कामगाराला मिळेल आणि त्याची प्रत डॉक्टरकडे कुलपात राहील. एचआरकडे फक्त नाव, विभाग आणि ‘योग्य’, ‘अटींसह योग्य’ किंवा ‘तात्पुरते अयोग्य’ एवढाच शेरा जाईल. अटींसह असेल तर अट कोणती हे लिहिले जाईल, आजार कोणता हे नाही. उंचीवर काम देऊ नये, इतके सुपरवायझरला कळणे पुरेसे आहे. फिट येते हे त्याला कळण्याचे कारण नाही.

इशारा : लॅबने सर्वांचे रिपोर्ट एका फाइलमध्ये पाठवायचे आणि ती फाइल सुपरवायझरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची, हा प्रकार सर्रास चालतो. तो करारातच लेखी बंद करावा. एकदा असे घडले की पुढच्या वर्षी लोक खरी लक्षणे सांगत नाहीत.

टप्पा ५ : पाळीनुसार वेळापत्रक

सर्वांना सकाळी नऊ वाजता रांगेत उभे करणे सोयीचे वाटते, पण त्यामुळे निम्म्या चाचण्या निरुपयोगी ठरतात. प्रत्येक चाचणीची वेळ वेगळी आहे.

ऑडिओमेट्रीपूर्वी सुमारे १४ तास मोठा आवाज कानांवर पडलेला नसावा. मशिनवरून उठून आलेल्या कामगाराची ऐकण्याची क्षमता काही काळ कमी झालेली असते, आणि ती तात्पुरती घट कायमच्या नुकसानीसारखी दिसते. म्हणून ही चाचणी साप्ताहिक सुट्टीनंतर, पाळी सुरू होण्यापूर्वी ठेवावी.

उपाशीपोटी साखरेसाठी आठ तासांचा उपास लागतो. पहाटे दोनला डबा खाल्लेला रात्रपाळीचा कामगार सकाळी सात वाजता ‘उपाशी’ नसतो, हे वेळापत्रक करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. अशांसाठी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, करावी. तिला उपास लागत नाही. मात्र रक्तक्षय असेल तर तिचा आकडा फसवा ठरू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन सोबत पाहावे. सॉल्व्हंटसाठीच्या लघवीच्या चाचण्या मात्र नेमक्या उलट असतात : त्यांतील बहुतेकांचा नमुना पाळी संपताना घ्यावा लागतो. सकाळी घेतलेला नमुना सगळे ठीक असल्याचा भास निर्माण करतो.

आदल्या दिवशी सूचना द्यावी : चष्मा असेल तर आणावा, चालू औषधांची पाकिटे आणावीत, रोजची रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी वेगळे सांगितल्याशिवाय बंद करू नये.

पडताळणी : एका दिवसात किती माणसे होणार ते यंत्रे मोजून ठरवावे. ऑडिओमेट्री नीट केली तर माणशी दहा-पंधरा मिनिटे लागतात. एका केबिनमध्ये दिवसभरात शंभर जण ‘झाले’ असे कोणी सांगत असेल, तर ते आकडे भरलेले आहेत, मोजलेले नाहीत.

टप्पा ६ : तपासणीच्या दिवशीचा क्रम

१. नोंदणीच्या वेळी ओळखपत्र पाहावे आणि कामगार प्रत्यक्षात कोणते काम करतो हे त्याच्याकडूनच विचारून लिहावे. आधीच्या नोकरीत काय केले होते, हेही विचारावे, कारण सिलिकाचा परिणाम अनेक वर्षांनी दिसतो आणि त्याची सुरुवात दुसऱ्या कारखान्यात झालेली असू शकते.

२. ऑडिओमेट्री आणि रक्ताचे नमुने सर्वांत आधी घ्यावेत. शिशाच्या विभागातील कामगारांचे हात व दंड साबणाने धुऊन, स्वच्छ कपड्यांत नमुना घ्यावा. कातडीवरची धूळ सुईबरोबर नमुन्यात गेली तर आकडा खोटा वाढतो.

३. नमुना दिल्यावर लगेच नाश्ता द्यावा. उपाशी माणसाला परत मशिनवर पाठवू नये.

४. रक्तदाब मोजण्याआधी कामगाराला पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसवावे. आधीच्या अर्ध्या तासात चहा, विडी किंवा तंबाखू झालेली नसावी, लघवी करून आलेला असावा, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. रांगेत उभे राहून, मागचा ढकलत असताना घेतलेला आकडा नोंदवू नये.

५. पीएफटीपूर्वी बूट काढून उंची मोजावी, कारण अपेक्षित आकडा उंचीवरून काढला जातो. किमान तीन नीट फुंकरी मिळाल्या पाहिजेत. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला असेल, डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा क्षयरोगाचे उपचार चालू असतील, तर ही चाचणी करू नये.

६. शेवटी डॉक्टरची भेट, बंद दाराआड. महिला कामगारांसाठी स्वतंत्र खोली आणि महिला परिचारिका असावी, आणि एक्स-रेपूर्वी गर्भधारणेची शक्यता खाजगीत विचारावी. झोप, दारू, घरचा ताण यांविषयीचे प्रश्न येथेच विचारायचे, रांगेत फॉर्म भरून घ्यायचे नाहीत. गरज वाटल्यास डॉक्टरने टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक हातात द्यावा. तेथे मराठीत बोलता येते.

इशारा : रक्तदाब १८०/१२० किंवा त्याहून जास्त निघाला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजावा. तरीही तितकाच असेल तर कामगाराला पाळीवर परत पाठवू नये, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. सोबत छातीत दुखणे, धाप, बोबडी वळणे किंवा अंधारी येणे असेल तर थेट रुग्णालयात न्यावे. त्यासाठी गाडी आणि चालक सकाळपासून गेटवर असावेत.

टप्पा ७ : रिपोर्ट आल्यावरचे पंधरा दिवस

रिपोर्ट आल्याबरोबर डॉक्टरने त्यांचे तीन भाग करावेत : आजच बोलवायचे, पंधरा दिवसांत फेरतपासणी करायची आणि पुढच्या वर्षी पाहायचे. लॅबने लाल अक्षरांत छापलेला प्रत्येक आकडा आजार नसतो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, एचबीए१सी ६.५ किंवा अधिक, रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असे आकडे एकदा आले म्हणजे निदान झाले असे धरू नये. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजून खात्री करायची असते. उलट, साखर १०० ते १२५ च्या दरम्यान असलेल्यांना ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देऊ नये.

प्रत्येकाला रिपोर्ट देताना दोन मिनिटे समजावून सांगावे. पाकीट टेबलावर ठेवून सही घेणे म्हणजे रिपोर्ट देणे नव्हे. पाठपुराव्याची वही परिचारिकेकडे किंवा डॉक्टरकडे असावी आणि तिच्यात कोणी, कोणत्या तारखेला, कोठे जायचे होते आणि तो गेला का, एवढेच असावे.

पडताळणी : पंधराव्या दिवशी वही उघडावी. फेरतपासणीला न गेलेल्यांना कारण विचारावे. ‘सुट्टी मिळाली नाही’ हे उत्तर एकापेक्षा जास्त वेळा आले, तर परिपत्रक सुपरवायझरपर्यंत पोहोचलेले नाही असे समजावे.

टप्पा ८ : काम बदलणे आणि कळवणे

‘अटींसह योग्य’ शेरा मिळालेल्याचे काम त्याच आठवड्यात बदलावे. बदलताना मूळ वेतन आणि भत्ते कमी करू नयेत; धुळीतून बाहेर काढले म्हणून माणसाचा भत्ता गेला, तर पुढच्या वेळी तो खोकला लपवेल. बदल किती काळासाठी आहे आणि पुन्हा कधी पाहायचे, याची तारीख शेऱ्यातच असावी.

सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, आवाजामुळे आलेले बहिरेपण यांसारखे व्यवसायजन्य आजार कायद्याने कळवण्याजोगे आहेत. असे निदान किंवा तसा संशय असल्यास कारखान्याच्या व्यवस्थापकाने आणि डॉक्टरनेही संबंधित प्राधिकाऱ्यांना कळवावे. कळवल्याने चौकशी येईल म्हणून ‘धूम्रपानामुळे’ असे लिहून घेण्याचा मोह काहींना होतो. त्यात कामगाराचा नुकसानभरपाईचा हक्क बुडतो आणि पुढे प्रकरण उघडकीस आल्यावर व्यवस्थापनाची बाजूही लंगडी पडते.

टप्पा ९ : विभागवार आकडे आणि दुरुस्ती

डॉक्टरकडून नावे वगळून विभागवार गोषवारा घ्यावा. प्रेस शॉपमधील बऱ्याच जणांच्या ऑडिओग्राममध्ये (ऑडिओमेट्रीच्या आलेखात) ४००० हर्ट्झजवळ खळगा, म्हणजे आवाजाने झालेल्या नुकसानीची खूण, दिसत असेल, तर इअरप्लग वाटून विषय संपत नाही. प्रेसखालची कंपनरोधक बैठक, आच्छादन, हवेच्या नोझलला सायलेन्सर अशी कामे देखभाल विभागाच्या यादीत तारखेसह गेली पाहिजेत. फेटलिंगमध्ये पीएफटी खालावलेली असेल तर धूळ ओढणारी यंत्रणा चालू आहे का, तिची पिशवी शेवटची कधी बदलली, हे पाहावे. रात्रपाळीत रक्तदाब आणि साखर जास्त असेल तर पाळ्यांची फिरती आणि कँटीनमध्ये रात्री काय मिळते, याकडे वळावे. बऱ्याच ठिकाणी वडा-पाव आणि गोड चहा यांखेरीज काही मिळत नाही. सुरक्षा समिती असेल तेथे हा गोषवारा तिच्यासमोर ठेवावा, नसेल तेथे कामगार प्रतिनिधींसमोर.

एका माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या जुन्या आकड्यांशी करावी, छापील मर्यादेशी नव्हे. पीएफटी अजून मर्यादेत आहे, पण दोन वर्षांत ठळकपणे घसरली आहे, असा कामगार छापील रिपोर्टमध्ये कधीच लाल दिसत नाही. त्यासाठी लॅब बदलली तरी जुने आकडे डॉक्टरकडे एकाच फाइलमध्ये राहिले पाहिजेत. नव्याने भरती झालेल्याची तपासणी वार्षिक तारखेपर्यंत लांबवू नये. ती कामावर लावण्यापूर्वीच करावी आणि तो पहिला रिपोर्ट त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावावा.